एकट्याने मासेमारी : डोंगा बरा की होडी?

भीमा नदीवर उजनी येथे १९८० साली धरण पुरे झाले आणि करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतील कित्येक गावांची शिवारे पाण्याखाली गेली. जेथे पूर्वी ज्वारी डोलत होती तेथे आज कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी पोसली जाते. जमीन गेलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी पुढे जाळे हाती घेतले. महाराष्ट्रातील इतर जलाशयांच्या काठीही असेच घडले आहे. पिढीजात भोई, ढिवर किंवा कोळी यांच्या घरी नावेचे ज्ञान बापाकडून मुलाकडे आपोआप येते. नव्याने या धंद्यात उतरलेल्या शेतकऱ्यास मात्र ते मिळवावे लागते. त्याचा पहिला मोठा खर्च नौकेवर होतो आणि पहिली मोठी चूकही बहुधा तेथेच होते.

दोघेतिघे मिळून मासेमारी करीत असतील तर एकाची चूक दुसरा सावरतो. एक जण जाळे ओढत असता दुसरा विरुद्ध बाजूस बसून तोल राखतो. एकट्या माणसास ही सोय नाही. वल्हविणारा तोच, जाळे ओढणारा तोच, पाणी उपसणारा तोच आणि पाण्यात पडला तर स्वतःस वर काढणाराही तोच. म्हणून चौघांना चालणारी नौका एकट्यास चालेलच असे नाही. अरुंद डोंगा घ्यावा की रुंद छोटी होडी घ्यावी, हा प्रश्न केवळ किमतीचा समजू नये. त्यात घरच्या कर्त्या माणसाच्या जिवाचा प्रश्न गुंतलेला आहे.

दोन नौकांची ओळख

डोंगा म्हणजे मूळ अर्थाने एकाच खोडातून कोरून काढलेली लांब व अरुंद नौका. कोकणात आंब्याच्या खोडाचे असे डोंगे पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांतील तलावांवर ढिवर बांधव डोंगा वापरतात. आता मोठी खोडे सहज मिळत नाहीत. त्यामुळे त्याच आकाराच्या अरुंद नौका फळ्यांच्या किंवा फायबरच्याही केल्या जातात. एकट्याच्या कामाचा डोंगा साधारणपणे चार ते पाच मीटर लांब व साठ-सत्तर सेंटिमीटर, म्हणजे दोन-सव्वादोन फूट, रुंद असतो. त्याचा तळ गोलसर असतो.

रत्नागिरी व सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर डोंग्याला उलांडी जोडण्याची रीत आहे. दोन आडव्या वाशांच्या टोकाशी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधतात. तो नौकेच्या एका अंगाला पाण्यावर तरंगत राहतो आणि तोल सांभाळतो.

या लेखात होडी म्हणजे फळ्यांची, पत्र्याची किंवा फायबरची, सपाट अथवा थोड्या गोलाईच्या तळाची छोटी नाव असे समजावे. तिची लांबी चार-साडेचार मीटर, पण रुंदी सव्वा मीटर किंवा त्याहून अधिक, म्हणजे चार फुटांच्या वर असते. तिच्या कडाही डोंग्यापेक्षा उंच असतात.

तोल कसा राहतो?

नौकेची रुंदी किती महत्त्वाची आहे हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर नौकेच्या आकारामुळे कलण्यास होणारा विरोध दुप्पट न होता सुमारे आठपट होतो. दोन फुटी डोंगा आणि चार फुटी होडी यांत उभे राहिल्यावर जो फरक जाणवतो, त्याचे कारण हे आहे.

दुसरी गोष्ट वजनाच्या उंचीची. माणूस डोंग्याच्या तळाशी बसला असता त्याचे वजन खाली राहते आणि डोंगा शांत चालतो. तोच माणूस उभा राहिला की वजनाचा मध्य कमरेच्या उंचीवर जातो आणि डोंगा चाळवू लागतो. डोंगा हे बसून काम करण्याचे वाहन आहे, हे पक्के ध्यानात ठेवावे. ज्याला उभे राहून पाग फेकावयाचा आहे, त्याने अरुंद डोंग्यावर बरीच वर्षे हात बसविल्याशिवाय तो प्रयोग करू नये.

तिसरी गोष्ट भाराची. पाण्याला टेकलेल्या प्रत्येक चौरस मीटर क्षेत्रामागे १० किलो भार वाढला की नौका सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते. डोंग्याचे असे क्षेत्र दोन चौरस मीटर धरले, तर २० किलोस तो एक सेंटिमीटर बुडेल. चार चौरस मीटरच्या होडीस तेवढेच बुडण्यास ४० किलो लागतील. माणूस ६० किलो, ओले जाळे २० किलो आणि मासळी ४० किलो मिळून १२० किलो होतात. या भाराने डोंगा सहा सेंटिमीटर व होडी तीन सेंटिमीटर खाली जाईल. डोंग्याची कड मुळातच ठेंगणी असते. त्यामुळे हा तीन सेंटिमीटरचा फरक लाट आत येण्यास पुरतो.

चौथी गोष्ट तळाशी साचलेल्या पाण्याची. ते एका जागी राहत नाही. नौका ज्या बाजूस कलते त्याच बाजूस ते धावते आणि कल अधिक वाढविते. म्हणून पाणी उपसण्याचे भांडे दोरीने नौकेस बांधलेले असावे आणि चार बोटे पाणी साचण्याची वाट पाहू नये.

जाळे ओढतानाची कसोटी

नौका रिकामी चालविताना तिचा खरा स्वभाव कळत नाही. तो जाळे ओढताना कळतो. एकटा मच्छीमार उभे जाळे वर घेतो तेव्हा त्याचे शरीर एका कडेकडे झुकते, ओल्या जाळ्याचा व मासळीचा भार त्याच कडेवर येतो आणि दोन्ही हात गुंतलेले असतात. अशा वेळी जाळे पाण्यातील खुंटास अडकले आणि त्याने जोराने हिसका दिला, तर तो जोर नौकेची कड खाली ओढण्यातच खर्च होतो. मासळीने भरलेले जाळे अचानक सुटले, तर माणूस विरुद्ध बाजूस कोलमडतो.

उजनीसारख्या जलाशयात हा धोका विशेष आहे. पाणी ओसरल्यावर पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, हे त्या भागात सर्वांस ठाऊक आहे. तशाच पडक्या भिंती, विहिरींचे कठडे आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली ठिकठिकाणी आहेत. भरल्या पाण्यात ते दिसत नाहीत, पण जाळ्यास सापडतात.

यावर उपाय असा की जाळे शक्यतो नौकेच्या पुढच्या टोकाजवळून घ्यावे. तेथून ओढले असता नौका जाळ्याच्या दिशेने सरकते व आडवी कलत नाही. होडीत पुढे बसून हे काम करण्यास जागा असते. डोंग्यात एकटा माणूस टोकाला गेला की मागची बाजू वर उचलली जाते. त्यामुळे त्याला मध्याच्या जवळ, गुडघे टेकून, दोन मांड्यांमध्ये जाळे घेत काम करावे लागते. जाळ्याची दोरी कमरेस, मनगटास किंवा पायास कधीही बांधू नये. अडकलेले जाळे कापण्यासाठी सुरी हाताशी असावी. जाळ्याचा तुकडा गेला तर तो पुन्हा विणता येतो.

उलांडीचा डोंगा या कामी साध्या डोंग्यापेक्षा पुष्कळ स्थिर असतो. तथापि त्याचा आधार दोन्ही बाजूंस सारखा नसतो. उलांडीच्या बाजूस नौका कलली तर ओंडका पाण्यात दबून तिला वर रेटतो. विरुद्ध बाजूस कलली तर केवळ ओंडक्याचे वजन तिला मागे खेचते. जाळे ओढणे याच मोकळ्या बाजूने सोयीचे पडते. म्हणून बांधणीच्या दोऱ्या कुजल्या नाहीत व ओंडका पाण्याने जड झाला नाही, हे वारंवार पाहावे.

पाणी तसे वाहन

वरील विवेचनावरून डोंगा टाकाऊ आहे असा अर्थ कोणी काढू नये. प्रत्येक पाण्याची गरज निराळी आहे.

पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव घ्यावेत. तेथे पाणी पुष्कळ ठिकाणी उथळ असते. कमळ, शिंगाडा व पाणवनस्पती यांची दाटी असते, आणि वाऱ्याला धावण्यास लांब मोकळी जागा नसते. रुंद होडी अशा गवतात अडकते आणि तिची दोन वल्ही वेलींत गुंततात. डोंगा एका काठीने रेटीत नेता येतो. समोर तोंड करून बसलेल्या माणसास पुढचे दिसते आणि एक हात गळासाठी मोकळा राहतो. तेथे डोंगाच योग्य होय.

कोकणातील खाड्यांची स्थिती मिश्र आहे. कांदळवनातील अरुंद फाट्यांत खेकडे व कोळंबी धरण्यास किंवा बोय मासळीसाठी लहान जाळे लावण्यास साधा डोंगा सोयीचा पडतो. उलांडी तेथे तिवरांच्या मुळांत अडकते. पण बाणकोट, दाभोळ, जयगड यांसारख्या खाड्यांच्या रुंद मुखाकडे गेले की पाण्याचे रूप पालटते. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा ओढ जोरदार असतो. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असता समोरून वारा आला तर लाटा आखूड व उभ्या होतात. तेथे साध्या डोंग्याने एकट्याने जाऊ नये. उलांडीचा डोंगा किंवा उंच कडांची होडी घ्यावी. भांगाच्या दिवसांत ओढ कमी असतो. नवशिक्याने हात बसविण्यास तेच दिवस निवडावेत.

तिसरे पाणी मोठ्या जलाशयांचे. सकाळी आरशासारखे दिसणारे हे पाणी सर्वांत फसवे असते. येथे एकट्या मच्छीमाराने होडीच घ्यावी, असे स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे.

वाऱ्याचा हिशेब

जलाशयावर लाट किती उठेल हे वाऱ्याचा जोर, तो वाहण्याचा वेळ आणि त्याला मिळणारी पाण्याची मोकळी लांबी यांवर ठरते. नदीपात्रात ही लांबी थोडी असते. जलाशयात ती काही किलोमीटर असू शकते. वैशाख-ज्येष्ठात दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि पाऊस पडण्याच्या आधीच वाऱ्याचा लोट येतो. हा लोट काही मिनिटांतच पाणी खवळून टाकतो.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील प्रवासी नाव अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण प्राणास मुकले. एक जण पोहून काठाला लागला. ती नाव एकट्याच्या डोंग्याहून मोठी होती. म्हणून होडी रुंद आहे एवढ्यावर निर्धास्त राहणे चुकीचे आहे. रुंदी माणसास काठ गाठण्यासाठी थोडा अधिक वेळ देते. तो वेळ आधीच ढग पाहण्यात आणि वेळेवर परतण्यात लावला पाहिजे.

यासाठी वळवाच्या दिवसांत जाळी संध्याकाळी लवकर टाकून पहाटे काढावीत. पश्चिमेस काळा ढग दिसताच जाळे तेथेच सोडून जवळचा काठ धरावा, मग तो आपल्या गावाचा असो वा नसो. वारा गाठलाच तर नौका लाटेस आडवी होऊ देऊ नये. तोंड लाटेकडे किंचित तिरपे ठेवून, तळाशी बसून हळूहळू वल्हवावे. गावातील जाणत्या भोयास "आबा, आज जाळे टाकावे काय?" असे विचारण्यात नव्या माणसाने कमीपणा मानू नये.

भरली तरी बुडू नये

लाकडी नौका पाण्याने भरली तरी बहुधा तरंगत राहते आणि माणसास धरण्यास आधार मिळतो. पत्र्याची व फायबरची नौका वजनास हलकी खरी, परंतु पत्रा व फायबर हे दोन्ही पदार्थ पाण्याहून जड आहेत. त्यांत बंद हवेची किंवा फोमची जागा ठेवलेली नसेल, तर भरल्यावर अशी नौका तळास जाते. विकत घेताना ही जागा कोठे आहे हे प्रथम विचारावे.

ती नसेल तर स्वस्त उपाय करता येतो. घट्ट बुचाचा २० लिटरचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन पाण्याखाली दाबला असता जवळजवळ २० किलो भार उचलून धरतो. असे चार कॅन, दोन पुढे व दोन मागे, दोन्ही बाजूंस सारखे वाटून, बाकांखाली मजबूत दोरीने आवळून बांधावेत. सैल ठेवलेले कॅन वाहून जातात आणि उपयोगी पडत नाहीत. नंतर उथळ पाण्यात नौका मुद्दाम भरून ती तरंगते की नाही हे पाहावे. कमी पडल्यास कॅन वाढवावेत.

तरंगते जाकीट प्रत्येक फेरीस अंगात घातलेले असावे. बाकाखाली ठेवलेल्या जाकिटाचा एकट्या माणसास उपयोग नाही. चांगले पोहता येते म्हणून ते नको, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. जाळ्यात पाय गुंतलेल्या किंवा डोक्यास वल्हे लागलेल्या माणसास पोहण्याची कला कामास येत नाही.

फुगविलेल्या ट्यूबवर बसून, थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून जाळी टाकणारे लोकही अनेक ठिकाणी दिसतात. गरिबीमुळे हे घडते. परंतु ट्यूबला एक काटा पुरे होतो आणि काहील एका अंगास कलली की थेट पाणी घेते. मोठ्या जलाशयात ही साधने वर्ज्य समजावीत.

ओढण्याचे श्रम आणि निगा

होडीचा एक मोठा तोटा म्हणजे तिचे वजन. जलाशयाचे पाणी पावसाळ्यात चढते व उन्हाळ्यात उतरते. सपाट काठाच्या ठिकाणी वैशाखात पाणी पुष्कळ दूर जाते आणि मध्ये चिखल पसरतो. एकट्याने ओढता न येणारी होडी मग पाण्यातच सोडावी लागते आणि वादळात आपटून फुटते. म्हणून खरेदीपूर्वी ती गोल लाकडांवरून एकट्याने किती ओढता येते हे पाहावे. या कामी हलकी फायबरची होडी लाकडी होडीपेक्षा सरस ठरते. लाकडाचा मोठा डोंगाही वजनाने कमी नसतो, हे विसरू नये.

लाकडी नौका दरवर्षी उलटी करून, वाळवून, खरवडून घ्यावी लागते. फटी भरून तेलपाणी करावे लागते. कोकणात काजूच्या टरफलाचे तेल यासाठी वापरतात. ते कातडीस भाजते, सबब हात झाकून लावावे. फायबरच्या नौकेस ही मेहनत नाही. मात्र दगडावर घासून तिचा वरचा थर गेला तर तो वेळीच भरून घ्यावा. १९५७ साली स्थापन झालेल्या कोचीन येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडावर संरक्षक द्रव्यांचा संस्कार करून व त्यास फायबरचे आवरण देऊन टिकाऊ छोट्या नौका तयार करण्याची पद्धत बसविली आहे. मोठ्या खोडांची टंचाई असता असे मार्ग उपयुक्त ठरतात.

घेण्यापूर्वी परीक्षा

नौका कोरडीवर पाहून सौदा करू नये. कमरेइतक्या शांत पाण्यात, काठावर दुसरा माणूस उभा असता, पुढील परीक्षा घ्यावी.

१. नेहमीच्या फेरीत असेल तेवढा भार, म्हणजे ओले जाळे व मासळीच्या वजनाची वाळूची पोती, आत ठेवावा. कड पाण्याच्या वर किमान एक वीत राहिली पाहिजे. मोकळ्या जलाशयासाठी त्याहून अधिक असावी.

२. जाळे ओढताना बसावयाचे त्याच जागी बसून एका कडेवर दोन्ही हातांनी भार द्यावा. कड पाण्याला टेकत असेल तर ती नौका त्या कामास नको.

३. पाण्यात उतरून मागील बाजूने पुन्हा आत चढून पाहावे. बाजूने चढू गेल्यास नौका अंगावर येते. एकट्यास आत चढता येत नसेल तर मागे दोरीची पायरी बांधून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही जमले नाही तर त्या नौकेत एकट्याने खोल पाण्यात जाऊ नये.

४. वारा असलेल्या दिवशी काठाकाठाने एक फेरी मारावी आणि वाऱ्याविरुद्ध परत येता येते काय हे पाहावे. उंच कडांच्या हलक्या होडीस वारा अधिक ढकलतो. वल्हविणाऱ्याची ताकद तिला पुरी पडली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस या कामी बरेच करता येण्यासारखे आहे. जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. म्हणून नौका घेण्याआधी नव्या मच्छीमाराने संस्थेचे सभासदत्व किंवा परवाना घेतला आहे काय, हे पाहावे. नौका, जाळी व जाकिटे यांसाठी शासकीय साहाय्य मिळण्याजोगे असल्यास त्याची माहिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून अर्जापूर्वी करून घ्यावी. यंत्र बसविण्याचा विचार असेल तर नोंदणीचे नियम तेथेच समजून घ्यावेत. यंत्रासाठी बांधलेली नसलेल्या अरुंद डोंग्याच्या मागे यंत्र लटकावू नये. त्याच्या वजनाने मागची कड खाली जाते.

वर सांगितलेली परीक्षा आठवडे बाजाराच्या दिवशी काठावर प्रत्यक्ष करून दाखवावी. भरलेली होडी कॅनच्या आधाराने तरंगताना लोकांनी एकदा पाहिली की वेगळ्या व्याख्यानाची गरज राहत नाही. शेवटी, एकट्याने जाणाऱ्या प्रत्येकाने कोणत्या अंगास जात आहे व केव्हा परतणार हे घरी सांगून जाण्याची सवय लावावी. ठरलेल्या वेळेनंतर तासभरात माणूस आला नाही तर कोणी शोधावयास जावे, हेही आधीच ठरलेले असावे.

सारांश इतकाच की बंदिस्त, उथळ व गवताळ पाण्यात बसून काम करणाऱ्यास डोंगा उत्तम. वाहत्या खाडीत उलांडीचा डोंगा किंवा उंच कडांची होडी. मोठ्या जलाशयात एकट्यासाठी चार फुटांहून रुंद, भरली तरी न बुडणारी आणि एकट्यास ओढता येणारी होडी. थोडे पैसे वाचविण्यासाठी या क्रमात अदलाबदल करू नये. जाळे रिकामे आले तर उद्या पुन्हा टाकता येते, पण त्यासाठी जाळे टाकणारा आज घरी पोहोचला पाहिजे.